आपल्या डीपीचा इतिहास : दोनशे केव्हीए ते तीनशे पंधरा

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहा, असं संपादक मंडळानं मला सांगितलं. मी विचारलं, "कशाचा लिहू?" गणेशोत्सवावर लेख आला होता, बागेवर आला होता, बोअरवेलवर कविताही आली होती. मग मी म्हटलं, मी डीपीवर लिहितो. समोरची मंडळी हसली. गेटबाहेर डाव्या हाताला जाळीच्या कुंपणात उभी असलेली ती राखाडी पेटी, तिच्यावर काय लिहिणार?

पण सोसायटीच्या पंचवीस वर्षांत आपण कसे राहिलो, घरात काय काय आणलं, कुठे हुशारी केली आणि कुठे चुकलो, हे सगळं त्या डीपीतून गेलेलं आहे. तिथे एक चूक माझीही आहे. ती या निमित्तानं छापील स्वरूपात कबूल करावी, असंही मनात आहे.

आधी शब्दाचं बघू. सरकारी कागदावर तिला 'वितरण रोहित्र' म्हणतात. इंग्रजीतून आलेला शब्द ट्रान्सफॉर्मर. आपण सगळे मात्र डीपीच म्हणतो. लाइट गेली की पहिला प्रश्न हाच, "आपलीच गेली की डीपीच गेली?" मीही पुढे डीपीच म्हणणार आहे.

डीपी येण्याआधी

ट्रान्सफॉर्मरच्या मुळाशी मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली लंडनमध्ये केलेला प्रयोग आहे. लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना दोन वेटोळी. एकातला प्रवाह चालू-बंद केला की दुसऱ्यात क्षणभर वीज दिसते. दोन्ही वेटोळी तारेनं जोडलेली नसतात, तरी वीज पलीकडे जाते. यातून रोज वापरता येईल असा ट्रान्सफॉर्मर व्हायला पन्नास वर्षं गेली. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या झिपर्नोव्स्की, डेरी आणि ब्लाथी या तीन इंजिनिअरांनी १८८५ मध्ये तो तयार केला. पुढे १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेन ते फ्रँकफुर्ट अशी १७५ किलोमीटर थ्री-फेज वीज नेऊन दाखवली गेली, आणि आज आपण वापरतो ती पद्धत रुळली.

आपल्या देशात लांब अंतरावर वीज नेण्याचं पहिलं मोठं काम १९०२ चं. म्हैसूर संस्थानातल्या शिवनसमुद्रहून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत. महाराष्ट्रात टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ ला सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. नाशिक जिल्ह्याच्या दारात वीज रेल्वेबरोबर आली. १९३० मध्ये कल्याण ते इगतपुरी मार्गाचं विद्युतीकरण झालं आणि कसारा घाटात विजेची इंजिनं धावू लागली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. आणि १९७० मध्ये एकलहऱ्याला आपलं नाशिकचं औष्णिक केंद्र सुरू झालं.

एकलहऱ्याशी माझं नातं आहे. १९८२ मध्ये मी सातपूरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला होतो. आमचे सर आम्हाला तिथे घेऊन गेले. तोवर तिथले पाचही संच सुरू झाले होते. पहिले दोन १९७०-७१ चे, आणि नंतरचे २१० मेगावॉटचे तीन. (पहिले दोन आता निवृत्त झाले आहेत. मीही झालो.) टर्बाइनच्या आवाजात कानाला काही ऐकू येत नव्हतं. सर आम्हाला बाहेर मोठ्या ट्रान्सफॉर्मरपाशी घेऊन आले आणि वहीत गणित घालायला लावलं.

२१० मेगावॉटचं जनित्र १५.७५ किलोव्होल्टवर वीज तयार करतं. ०.८५ पॉवर फॅक्टर धरला तर ती २४७ एमव्हीए होते. या हिशेबानं प्रवाह निघतो सुमारे ९,०५० अ‍ॅम्पिअर. एवढा प्रवाह न्यायला तार चालत नाही, माणसाच्या अंगाएवढ्या जाड नळ्यांमधून न्यावा लागतो. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज २२० किलोव्होल्ट केलं की तीच वीज साधारण साडेसहाशे अ‍ॅम्पिअरवर येते, आणि मनोऱ्यावरच्या तारांतून निघून जाते. सर म्हणाले, "बघा रे, वीज तेवढीच. प्रवाह कमी झाला म्हणून ती गावोगाव जाऊ शकली. तार तापते ती प्रवाहानं. म्हणून कुठलीही डीपी बघितली की आधी तिचा पूर्ण भाराचा प्रवाह काढायचा. तो कळला की तिची तब्येत कळली."

हे वाक्य मी चाळीस वर्षं पाठ म्हणत आलो. नीट समजलं ते एप्रिल २०२४ मध्ये.

गणित

आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. ए, बी, सी या तीन विंग, प्रत्येकीत २४ फ्लॅट, एकूण ७२. तेव्हा पाथर्डी फाट्याच्या या बाजूला द्राक्षाचे मळे अजून शिल्लक होते. डीपी बसली तेव्हा आम्ही पाचसहा घरंच राहायला आलेलो होतो. तिच्या नेमप्लेटवर लिहिलं होतं : २०० केव्हीए, ११०००/४३३ व्होल्ट. म्हणजे आत येताना अकरा हजार व्होल्ट, बाहेर पडताना ४३३.

मुलांसाठी गणित इथे मांडतो. दहावीच्या मुलाला सहज जमेल.

पूर्ण भाराचा प्रवाह = (केव्हीए × १०००) ÷ (१.७३२ × व्होल्ट)

१.७३२ म्हणजे तीनचं वर्गमूळ. आपल्या बाजूला व्होल्ट ४३३. १.७३२ गुणिले ४३३ म्हणजे ७५०. दोन लाख भागिले ७५० म्हणजे २६६.७ अ‍ॅम्पिअर. तीनपैकी प्रत्येक फेजला डीपी एवढाच प्रवाह कायम देऊ शकते.

पुष्कळ जण इथे ४३३ ऐवजी ४१५ घालतात. ते घरातलं, भार चढल्यानंतरचं व्होल्टेज. गणिताला नेमप्लेटवरचा आकडा घ्यायचा. वायरमन लोक कागद न घेता करतात ती युक्तीही सांगतो. केव्हीएमध्ये त्याचाच तिसरा हिस्सा मिळवायचा. २०० अधिक ६६.७, झाले २६६.७. १०० केव्हीएच्या डीपीला १३३. ३१५ च्या डीपीला ४२०. अकरा हजारांच्या बाजूला केव्हीएला १९ नं भागायचं. आपल्या डीपीचे आले साडेदहा अ‍ॅम्पिअर. म्हणजे ७२ घरांची सगळी वीज वरच्या तारांतून फक्त साडेदहा अ‍ॅम्पिअरमध्ये येते. एका गिझरला लागतो त्याहून थोडासाच जास्त.

आता ते वर्गमूळ कशाला, असं कोणी विचारलं तर सोपं उत्तर आहे. तीन भाऊ आहेत असं समजा, आर, वाय आणि बी. २०० केव्हीएची तिघांत वाटणी झाली, प्रत्येकाला ६६.७. फेज ते न्यूट्रल व्होल्टेज २५०. ६६,६६७ भागिले २५०, पुन्हा २६६.७ च येतात. दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी पोचतात. पण या दुसऱ्या रस्त्यानं गेलं की एक गोष्ट डोळ्यांपुढे राहते. वाटणी झालेली आहे. एका भावाला कमी पडलं तर तो दुसऱ्याच्या वाट्यातलं उसनं घेऊ शकत नाही.

नेमप्लेटवर किलोवॉट का नाही, केव्हीए का, हाही प्रश्न मला विचारला जातो. आतलं वेटोळं तापतं ते प्रवाहामुळे, त्या प्रवाहातून तुम्ही उपयोगाचं काम किती करून घेतलं याच्याशी वेटोळ्याला देणंघेणं नाही. म्हणून डीपीची ताकद म्हणजे ती किती उष्णता सोसू शकते याचा आकडा. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. आत वेटोळ्यावर कागदाचं इन्सुलेशन असतं, ते तेलात बुडलेलं. ठरलेल्या मर्यादेपेक्षा साधारण सहा अंश जास्त तापमानावर ते सतत राहिलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. ते एका दिवसात जळत नाही, हळूहळू ठिसूळ होत जातं. बाहेरून काही दिसत नाही.

डायरीतली पंचवीस वर्षं

मी कारखान्यात मेंटेनन्सला होतो. माझ्याकडे स्वतःचा टाँग टेस्टर होता. तारेभोवती चिमटा लावला की प्रवाह दाखवणारा. सवयच लागली होती, वर्षातून एकदोनदा मेन पॅनेलवर तिन्ही फेज मोजायचे आणि डायरीत लिहायचे.

जानेवारी २००१, रात्री आठ : ६२, ५८, ६६. म्हणजे डीपीच्या ताकदीचा पाव हिस्सा. घरात काय असायचं तेव्हा? साठचे दोनतीन बल्ब, ट्यूबलाइट, दोन पंखे, टीव्ही, फ्रिज. बी विंगमध्ये कोणीतरी एसी आणला तेव्हा आम्ही तो बघायला गेलो होतो.

२००३ चा सिंहस्थ आला. प्रत्येक घरात पाहुणे, सगळ्या गिझरना सकाळी चारला काम. तेव्हा मी पहाटे उठून मोजलं होतं, पण डीपीला काही झालं नाही. २००५ च्या जूनमध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण कंपनी आली आणि बिलावरचं नाव बदललं. त्याच काळात भारनियमन सुरू झालं, ते पुढे बरीच वर्षं चाललं. घरोघर इन्व्हर्टर आले. लाइट आली की सगळ्या बॅटऱ्या एकदम चार्ज व्हायला लागायच्या, शिवाय पाण्याची मोटर, शिवाय सगळे फ्रिज. २०१० ची नोंद : १०४, ९७, ११०.

२०१५ पासून उजाला योजनेतले एलईडी आले. साठ वॉटच्या जागी नऊ वॉट. मला वाटलं, आता भार उतरणार. दिव्यांचा उतरलाही. पण त्याच दोनतीन वर्षांत एसी हप्त्यांवर मिळायला लागले. मे २०१६ : १४८, १४१, १५२. तिन्ही भाऊ तेव्हाही सारखेच चालले होते. एवढं लक्षात ठेवा.

तात्पुरतं

२०१७ च्या पावसाळ्यात ए विंगच्या मीटर रूममध्ये भिंतीतून पाणी झिरपलं आणि वाय फेजचं कनेक्शन जळालं. आठ घरं अंधारात. रात्रीची वेळ, मुलांची परीक्षा तोंडावर. इलेक्ट्रिशियननं विचारलं, "साहेब, ही आठ घरं तात्पुरती आर फेजवर घेऊ का? भिंत वाळली की परत टाकू." त्या वर्षी सेक्रेटरी मी होतो. मी म्हटलं, "घे." भिंत वाळली. रंग दिला. पॅनेलही नवीन बसवलं. पण ती आठ घरं परत वायवर नेण्याचं राहून गेलं. त्या कामाच्या बिलावर माझी सही आहे. 'तात्पुरती व्यवस्था' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

म्हणजे आरवर ३२ घरं, वायवर १६, बीवर २४. वाटणी बिघडली आणि घरात कोणाला पत्ता नाही. पंखे फिरत होते, दिवे लागत होते.

माझं मोजमाप

२०२४ च्या मार्चमध्ये विशेष सभा झाली. काही तरुण सभासदांचं म्हणणं होतं की आता घरोघर दोनदोन एसी झालेत, पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्या चार्ज होतात, तर डीपी मोठी करून घ्यायला अर्ज करू. खर्चाचा प्रश्न आला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्याआधी फेब्रुवारीत मोजलं होतं. नव्या पॅनेलमध्ये मागच्या दोन केबलपर्यंत चिमटा नीट पोचत नाही, स्टुलावर चढावं लागतं. माझा गुडघा दुखत होता. पुढची एकच केबल मोजली. आकडा आला ११८. डायरीत तिन्ही फेज कायम सारखेच असल्याचा सोळा वर्षांचा पुरावा होता. मी ११८ तिन्हींना लावला.

आणि सभेत उभं राहून सांगितलं, "डीपीची ताकद २६६, आपला भार ११८. निम्म्याच्याही खाली. उगाच खर्च करू नका." टाळ्या पडल्या. एका तरुण सभासदानं विचारलं होतं, "काका, तिन्ही फेज मोजले का?" मी म्हटलं, "अरे, मी चाळीस वर्षं हेच केलंय." त्याच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

मी मोजलेली केबल वायची होती. १६ घरांची. तीसुद्धा फेब्रुवारीच्या थंडीत, संध्याकाळी आठला.

एप्रिल २०२४

एप्रिलमध्ये पारा चाळिशीला गेला. एका शनिवारी रात्री अकराला डीपीवरचा आर फेजचा फ्यूज उडाला. वीज कंपनीची माणसं आली, तार बदलून गेली. रविवारी पुन्हा तेच. सोमवारी रात्री तिसऱ्यांदा उडाला तेव्हा पन्नासेक माणसं खाली उतरलेली. घामानं भिजलेली, चिडलेली, कडेवर लहान मुलं. कोणीतरी ओळखीचा इलेक्ट्रिशियन बोलावला. "बारीक तार टाकतात म्हणून उडते, जाड टाक," असं कोणीतरी म्हणालं. पेटी उघडली गेली. ती पेटी आपली नाही, उघडण्याचा आपल्याला अधिकार नाही, आणि उघडणाऱ्याच्या जिवाला धोका असतो. मी तिथे उभा होतो. मला हे सगळं माहीत होतं. मी "नको" म्हणालो नाही. माझंही घर आरवर आहे.

दुहेरी तार पडली. लाइट आली. लोक हसत वर गेले. मला झोप लागेना. टाँग टेस्टर घेऊन पॅनेल रूममध्ये गेलो, या वेळी स्टुलावर चढलो. आर ३३८. वाय १७१. बी २३६.

तिथेच बसून हिशेब केला. तिघांची सरासरी २४८, म्हणजे २६६ च्या आतच. सरासरी बघणाऱ्याला सगळं ठीक वाटेल. पण आर फेज आपल्या वाट्याच्या सव्वापटीहून जास्त ओढत होता, आणि उष्णता वर्गानं वाढते म्हणून त्याच्या वेटोळ्यात नेहमीच्या पूर्ण भाराच्या १.६ पट उष्णता होत होती. फरकाचा प्रवाह न्यूट्रलमधून परतत होता, सुमारे १४६ अ‍ॅम्पिअर. बारीक फ्यूज हे तीन रात्री ओरडून सांगत होता. आम्ही त्याचंच तोंड बंद केलं.

मंगळवारी सकाळी मी कमिटीला सांगितलं. आठ घरं परत वायवर न्यायचं ठरलं, मीटरची सील असल्यामुळे अर्ज करून, बुधवारी. मंगळवारी रात्री एकच्या सुमारास गेटबाहेर मोठा आवाज झाला. जाळीच्या कुंपणात तेल सांडलं होतं. चोवीस वर्षांची डीपी संपली होती. त्या जाड तारेनं तिचं शेवटचं संरक्षण काढून घेतलं होतं.

पुढे जवळजवळ एक दिवस आपण अंधारात होतो. बऱ्याच जणांना त्यातला उकाडा आठवतो, पाण्याच्या टाक्या रिकाम्या झाल्या ते आठवतं. मला सी विंगमधल्या चौथ्या मजल्यावरच्या आजी आठवतात. त्यांना घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेलं होतं. जोडीला ठेवलेला सिलिंडर दोनतीन तासांचा. लिफ्ट बंद. पहाटे तीनला आपल्या सोसायटीच्या सहा मुलांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं. एक जण पुढे मोबाइलचा उजेड धरून उलटा पायऱ्या उतरत होता, एक जण सिलिंडर धरून. गाडीत घालून सिडकोत त्यांच्या मुलीकडे नेलं. त्यात तो प्रश्न विचारणारा मुलगाही होता.

दुसऱ्या दिवशी रात्री दुसरी दोनशेची डीपी बसली. तिसऱ्या दिवशी आजी परत आल्या. मी भेटायला गेलो आणि झालेलं सगळं सांगितलं. फ्यूजचं, आठ घरांचं, माझ्या एका केबलच्या मोजणीचं. म्हटलं, "काकू, गणित माझं बरोबर होतं, मोजायला चुकलो." त्या म्हणाल्या, "असेल रे बरोबर. पण मशीन माझं बंद पडलं."

त्यानंतर

आठ घरं परवानगीनं वायवर गेली. मे महिन्यात त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाबरोबर मी पुन्हा मोजलं. स्टुलावर तो चढला. २५२, २४५, २४८. तेवढाच भार, तेच एसी, त्याच गाड्या. फक्त वाटणी नीट केली, आणि फ्यूज एकदाही उडाला नाही. पण २६६ मधले २५० वापरले जात होते, पुढच्या उन्हाळ्याला जागा उरली नव्हती. म्हणून आपण भारवाढीचा अर्ज केला आणि ३१५ केव्हीएची डीपी मिळाली. तिचा पूर्ण भाराचा प्रवाह ४२०. आजच्या भाराला साठ टक्के. नेमप्लेटवरचे आकडे मी गेटजवळच्या फलकावर रंगवून घेतले आहेत. येताजाता बघत जा.

नवीन डीपीबद्दल एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. पूर्ण भाराचा प्रवाह हा शॉर्टसर्किटच्या हिशेबाचाही पाया असतो. नेमप्लेटवर टक्केवारीत इम्पीडन्स लिहिलेला असतो. समजा तो साडेचार टक्के आहे. ४२० ला ०.०४५ नं भागा, ९,३०० च्या आसपास येतात. म्हणजे डीपीच्या तोंडाशी शॉर्ट झालं तर क्षणभर एवढे अ‍ॅम्पिअर वाहू शकतात. जुन्या दोनशेला हा आकडा सहा हजारांच्या आत होता. डीपी मोठी झाली की मेन पॅनेलचे ब्रेकरही तेवढ्या ताकदीचे लागतात. ते आपण बदलून घेतले. खर्चाच्या पत्रकात 'ब्रेकर' ही ओळ कशासाठी, असं सर्वसाधारण सभेत विचारलं गेलं होतं. तेव्हा वेळ नव्हता, म्हणून इथे उत्तर दिलं.

आता पुढच्या पंचवीस वर्षांसाठी माझ्या तीन विनंत्या. पहिली, नवीन एसी किंवा गाडीचा चार्जर लावण्याआधी कमिटीला कळवा. आपलं घर कोणत्या फेजवर आहे याची यादी ऑफिसात लावली आहे. कळवलंत तर वाटणी सांभाळता येते. गाडी रात्री एकनंतर चार्जिंगला लावली तर एसीची गर्दी उतरलेली असते. दुसरी, फ्यूज उडाला तर तो कशामुळे उडाला हे आधी विचारा. आणि डीपीच्या पेटीला आपल्यापैकी कोणीही हात लावू नका. खाली कितीही माणसं जमली असली, कितीही उकडत असलं तरी. तेव्हा एकानं "नको" म्हणायचं असतं. तिसरी, दरवर्षी जानेवारीत आणि मेमध्ये तिन्ही फेज मोजून नोंद ठेवा. तिन्ही. माझी डायरी आणि टाँग टेस्टर मी कमिटीकडे दिला आहे. पहिल्या पानावर २००१ चे आकडे आहेत, शेवटच्या पानावर मे २०२४ चे. मधल्या एका पानावर एकच आकडा आहे, ११८. ते पान फाडावंसं वाटलं होतं. ठेवलं आहे.

मोजायचं काम आता तो मुलगा बघतो. या जानेवारीत त्यानं मला फोन केला, "काका, आर १३१, वाय १२७, बी १३४. लिहू का?"

मी म्हटलं, "तारीख आणि वेळ पण लिही."